डोंगराचा शेजार

देशाटनानें मनुष्याच्या अंगीं चातुर्य येतें, असें सांगणारी एक जुनी आर्या आमच्या पिढींतल्या बहुतेकांनीं शाळेंत पाठ केलेली आहे. ती म्हणतांना आम्हांला कधींहि शंका आली नाहीं. कारण चातुर्य म्हणजे व्यवहारांतलें शहाणपण, आणि चार गांवांचें पाणी प्यालेल्या माणसापाशीं तें अधिक असतें, हें कोणालाहि दिसतें. परंतु चातुर्य येतें म्हणून कलाहि येते काय? घरदार सोडून रानावनांतून हिंडणाऱ्या माणसाच्या कुंचल्याला, केवळ तो हिंडला एवढ्यामुळें, कांहीं निराळें वळण लागतें काय? हा प्रश्न एखाद्या व्याख्यानमालेंत कोणीं विचारला असता, तर आम्ही त्याचें पुस्तकी उत्तर देऊन मोकळे झालों असतों. पण दोन वर्षांपूर्वीं तो आमच्याच घरांत, रात्रीच्या जेवणाच्या वेळीं, आमच्यासमोर येऊन बसला; आणि घरांत आलेल्या प्रश्नाला पुस्तकी उत्तर पुरत नाहीं.

आमचा थोरला मुलगा त्या वेळीं सव्वीस वर्षांचा होता. पुण्यांतल्या एका कचेरींत त्याला चांगल्या वेतनाची, कायमची नोकरी होती. त्या रात्रीं ताटावरून उठण्यापूर्वीं तो म्हणाला, “बाबा, मीं आज राजीनामा दिला. मी डोंगरांत जाऊन राहाणार आहें. चित्रें काढणार आहें.” आम्ही चाळीस वर्षें वकिली केलेली असल्यामुळें अशा प्रसंगीं आवाज चढवीत नाहीं; फक्त उलटतपासणी घेतों. “चित्रें काढावयाचीं तर रविवारीं काढ,” आम्ही म्हणालों; “तुझ्या खिडकींतून रोज पर्वती दिसते. ती काय कमी पडली?” त्यानें थोडा विचार केला व म्हटलें, “बाबा, पर्वती मीं अजून पाहिलेली नाहीं. रोज दिसते, म्हणूनच पाहिलेली नाहीं.”

हें उत्तर आम्हांला त्या वेळीं उद्धटपणाचें वाटलें. वाचकांपासून लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं, म्हणून सांगतों, कीं आमच्या रागाला आणखीहि एक मूळ होतें. आम्हीं लहानपणीं चित्रकलेची एलिमेंटरी व इंटरमीजिएट अशा दोन्ही परीक्षा दिलेल्या आहेत, व दुसरींत आम्हांला वरची श्रेणी मिळाली होती. आमच्या वडिलांनीं तें प्रमाणपत्र पाहिलें, “छान” म्हटलें, आणि कपाटांत ठेवून दिलें. पुढें आम्हीं कायद्याचा अभ्यास केला. तें कपाट आमच्या घरांत अजून आहे. मुलगा बोलत होता तेव्हां आमची दृष्टि दोन वेळां त्या कपाटाकडे गेली, हें आमच्या पत्नीनें पाहिलें. आम्हांला मात्र तें तिनें सांगितल्यावर कळलें.

मुलगा गेला. जातांना तो आपल्याबरोबर रोरिक नांवाच्या रशियन चित्रकाराच्या चित्रांचा एक संग्रह घेऊन गेला. दीड वर्ष तो आईला पत्रें लिहीत असे. शेवटीं “बाबांना नमस्कार” असे. आम्ही ती ओळ वाचीत असूं. उत्तर लिहीत नसूं. त्याचा मुक्काम कुलूच्या खोऱ्यांत, नग्गर गांवाजवळ आहे, हें आम्हांला पाकिटांवरून ठाऊक झालें. मग गेल्या चैत्रांत एके दिवशीं आमची पत्नी म्हणाली, “मुलगा चुकला असेल, पण डोंगर तर कांहीं चुकलेले नाहींत ना? चला, ते तरी पाहूं.” या युक्तिवादाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

निघण्यापूर्वीं, जुन्या संवयीप्रमाणें, प्रतिपक्षाचे कागद आम्ही वाचूं लागलों. निकोलस रोरिक यांचें चरित्र वाचण्यांत आमचा हेतु शुद्ध नव्हता. त्यांत कोठें तरी आमच्या बाजूचा पुरावा सांपडेल, अशी आशा होती. तो पहिल्याच प्रकरणांत सांपडला. रोरिक यांचा जन्म १८७४ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें झाला. त्यांचे वडील कायद्याच्या व्यवसायांत होते, व मुलानेंहि कायदाच शिकावा अशी त्यांची इच्छा होती. मुलाला चित्रकार व्हावयाचें होतें. अखेर उभयपक्षीं तडजोड झाली, आणि १८९३ सालीं हा मुलगा विद्यापीठांत कायद्याचा व कलाअकादमींत चित्रकलेचा, असे दोन्ही अभ्यास एकदमच करूं लागला. हें वाचून आम्हीं पुस्तक मिटलें. दीडशें वर्षांपूर्वीं जन्मलेल्या त्या परक्या मुलाच्या वडिलांनीं निदान तडजोड तरी केली होती.

पुढें वाचीत गेलों तेव्हां आमच्या ध्यानांत आलें, कीं या माणसाचें हिंडणें ही पंचविशींत सुचलेली लहर नव्हती. शहरापासून दूर, इझ्वारा या गांवीं, त्यांच्या कुटुंबाची जमीन होती. तेथील अरण्यांत त्यांचें बालपण गेलें. त्या भागांत प्राचीन लोकांचीं थडगीं झांकणारे मातीचे उंचवटे आहेत. एका पुराणवस्तुसंशोधकाबरोबर त्या उंचवट्यांच्या उत्खननांत ते अगदीं लहान वयांत हिंडले. जमिनीच्या पोटांत जुनें जग निजलेलें आहे, आणि वर बर्फ, बर्च वृक्ष व आकाश यांखेरीज त्याचा कोणी साक्षी नाहीं, हें ज्यानें नऊदहा वर्षांच्या वयांत पाहिलें, त्याला भूमीचें चित्र काढणें म्हणजे केवळ झाडें व टेकड्या काढणें असें पुढें कधींच वाटलें नाहीं, यांत नवल कसलें? १८९७ सालीं अकादमीच्या पदवीसाठीं त्यांनीं काढलेल्या ‘दूत’ या चित्रांत रात्रीच्या अंधुक नदींतून एक होडी चालली आहे. तींत दोन माणसें आहेत, आणि दूर टेकाडावर वस्ती दिसते. तें चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव यांनीं आपल्या संग्रहासाठीं लगेच विकत घेतलें. त्यांचे गुरु कुइंजी हे स्वतः प्रकाशाचे वेडे होते. चांदण्यांतल्या नदीच्या चित्राबद्दल त्यांची ख्याति होती.

त्यानंतरच्या आयुष्याचा नकाशा काढावयाचा म्हटलें तर भिंत पुरणार नाहीं. १९०३ व १९०४ या दोन वर्षांत ते पत्नीसह रशियांतलीं जुनीं नगरें, किल्ले व मठ पाहात हिंडले. १९१३ सालीं पॅरिस येथें गाजलेल्या स्त्राविन्स्कीच्या वसंतोत्सवाच्या नृत्यनाट्याचे पडदे व वेष त्यांचे होते. प्राचीन भूमीची ती पूजा त्यांना सुचली, ती त्याच बालपणींच्या उंचवट्यांतून. राज्यक्रांतीनंतर ते फिनलंड, लंडन व अमेरिका असा प्रवास करीत १९२३ च्या अखेरीस हिंदुस्थानांत आले, आणि दार्जिलिंगला जाऊन कांचनगंगेसमोर राहिले. १९२५ च्या ऑगस्टांत श्रीनगराहून त्यांचा तांडा निघाला. लेह, काराकोरमचे घाट, खोतान, काशगर, उरुमची, अल्ताई, मंगोलिया, गोबीचें वाळवंट, आणि तिबेटचें पठार ओलांडून तो १९२८ च्या मे महिन्यांत पुन्हा हिमालयाच्या दक्षिणेस उतरला. पत्नी हेलेना व थोरला मुलगा यूरी त्यांच्याबरोबर होते. या प्रवासांत त्यांनीं सुमारें ५०० चित्रें काढलीं, असें सांगतात.

येथें आमच्यांतल्या वकिलाला दुसरा पुरावा सांपडला, व तो अधिक गंभीर होता. १९२७ च्या ऑक्टोबरांत तिबेटी अधिकाऱ्यांनीं हा तांडा चांगथांगच्या पठारावर अडविला. उन्हाळी तंबूंत, कडाक्याच्या थंडींत, अन्न व इंधन संपत आलेलें, अशा स्थितींत त्यांना मार्चपर्यंत जवळजवळ पांच महिने काढावे लागले. ताफ्यांतलीं पांच माणसें मेलीं. नव्वदांच्या आसपास जनावरें मेलीं. चित्रकार वांचला, आणि त्याच्या चित्रांतला बर्फ आपण आज संग्रहालयांत पाहातों. पण त्या पांच माणसांचें काय? कलावंताच्या भटकंतीचें गुणगान आपण नेहमीं करतों; तिचा खर्च कोणाच्या नांवें पडतो, हें मात्र क्वचितच विचारतों. हा प्रश्न मनाशीं बांधून आम्ही वैशाखाच्या आरंभीं गाडींत बसलों.

चंदीगडपासून पुढें मोटारीचा रस्ता आहे. बियास नदी प्रथम खोल दरींत, मग शेजारीं, मग अगदीं पायाशीं येते. नग्गर हें कुलू संस्थानच्या राजांचें जुनें राजधानीचें गांव; नदीच्या डाव्या तीरावर, डोंगराच्या अंगावर बसलेलें. मुलगा मोटारतळावर उभा होता. काळवंडला होता, वाळलाहि होता. त्यानें वांकून नमस्कार केला, आणि आम्हीं, दीड वर्षानंतर, पहिलें वाक्य उच्चारलें तें असें: “इथें पाऊस किती पडतो?” तो हंसला नाहीं. “पुण्याहून जास्त, बाबा,” एवढेंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें आम्हां उभयतांना रोरिक यांच्या घरीं नेलें. १९२८ च्या अखेरीस हें कुटुंब येथें आलें, आणि १३ डिसेंबर १९४७ रोजीं निकोलस रोरिक यांनीं येथेंच देह ठेवला. मंचुरिया व मंगोलियाकडील १९३४–३५ ची एक मोहीम सोडली, तर तीं एकोणीस वर्षें त्यांचें घर हेंच होतें. खालच्या मजल्यावर त्यांचीं चित्रें टांगलेलीं आहेत. वरच्या खोल्या सज्जांत उभें राहून कांचेंतून पाहातां येतात. बाहेर देवदाराखालीं गुग्गा चौहान या लोकदैवताची घोड्यावर बसलेली दगडी मूर्ति आहे. ती रोरिक यांनीं आपल्या चित्रांतहि आणली. ज्या माणसानें बालपणीं रशियाच्या मातींत पुरलेले योद्धे शोधले, त्यानें हिमालयांत येऊन पुन्हा एक दगडी घोडेस्वारच शोधून काढावा, यांत आम्हांला मोठी गंमत वाटली. धाकटा मुलगा स्वेतोस्लाव पुढें स्वतः चित्रकार म्हणून नांवाजला. त्याची पत्नी देविकाराणी, हें मुंबईच्या बोलपटांची आठवण असलेल्या वाचकांना सांगावयास नकोच.

चित्रांसमोर आम्ही बराच वेळ उभे राहिलों. त्या निळ्या रंगाविषयीं आम्हांला पूर्वींपासून शंका होती. पुस्तकांत तो पाहून, हा कल्पनेचा खेळ आहे, असें आम्हांला वाटे. मुलगा आम्हांला हात धरून सज्जांत घेऊन गेला. समोर खोऱ्यापलीकडची रांग होती; उत्तरेस लाहोलच्या बाजूचीं हिमशिखरें. “सावली पाहा, बाबा.” सावली काळी नव्हती, खरोखर निळी होती. उंचीवर हवा विरळ असते, तींत धूळ व बाष्प कमी असतें. म्हणून दूरचा कडा जवळ आल्यासारखा धारदार दिसतो, आणि ज्या बर्फावर ऊन पडत नाहीं, त्यावर निळ्या आकाशाचाच उजेड पडतो. हें शास्त्र आम्हांलाहि ठाऊक होतें; पण ठाऊक असणें निराळें, आणि दिसणें निराळें. “तेलरंगाला चकाकी असते,” मुलगा सांगूं लागला, “म्हणून त्यांनीं तो सोडला. टेंपेरा लगेच वाळतो, व त्याला चमक नसते, खडकालाहि नसते.” १९६१ सालीं यूरी गागारिन अंतराळांतून परतला, तेव्हां पृथ्वीच्या क्षितिजावरचे रंग सांगतांना त्यालाहि रोरिक यांच्याच चित्रांची उपमा सुचली. ज्याला आपण कल्पना म्हणून नांवें ठेवतों, ती पुष्कळदां आपण न पाहिलेली वस्तुस्थिति असते.

तरीहि आम्हीं हार मानली नव्हती. घराखालच्या उतारावर, जेथें रोरिक यांचा दहनसंस्कार झाला तेथें, एक मोठी शिळा आहे. तिच्याजवळ बसून आम्हीं आमची बाजू मांडली. “आपल्या कोल्हापूरचे आबालाल रहिमान घे,” आम्ही म्हणालों. “मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकले, आणि परत कोल्हापूरास जाऊन राहिले. १९३१ सालीं वारले, तोंपर्यंत कोटितीर्थाचें पाणी, रंकाळ्याचा कांठ, संध्यामठावरचा उजेड, हींच त्यांचीं तीर्थक्षेत्रें. ना काराकोरम, ना गोबी. पण त्यांच्या हाताला निसर्ग सांपडला नाहीं असें कोण म्हणेल?”

“कोणीच म्हणणार नाहीं,” मुलगा म्हणाला. “पण बाबा, ते तळ्याजवळ राहिले ना? कचेरींतून येतां-जातां त्यांनीं तें पाहिलें नाहीं.”

“मग हिंडणें कशाला?”

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मला वाटतें, हिंडल्यानें कोणी चित्रकार होत नाहीं. हिंडल्यानें डोळ्यांची संवय मोडते, इतकेंच. कांहींजणांची घरींच मोडते. त्यांचें भाग्य मोठें. माझी मोडली नाहीं. आणि संवय मोडल्यावर कुठें तरी बसावें लागतें. रोरिकहि शेवटीं बसलेच. हे डोंगर त्यांनीं एकोणीस वर्षें पाहिले.”

आम्हांला कबूल करणें भाग आहे, कीं जी गोष्ट आम्ही त्याच्याविरुद्ध सांगत होतों, तीच तो आमच्यापुढें आपल्या बाजूनें मांडीत होता. प्रवास नवलाई दाखवितो. पण नवलाईचें चित्र हें फार तर चांगलें वार्तापत्र होईल. चित्रकार घडतो तो नवलाई संपल्यानंतर, जेव्हां तोच डोंगर शंभराव्या सकाळीं समोर येतो आणि त्यांत पाहाण्यासारखें कांहीं उरलें नाहीं असें वाटूं लागतें, तेव्हां. भटकंतीनें मोकळा झालेला डोळा व शेजारानें शिकलेला धीर, या दोन्ही गोष्टी एके ठिकाणीं आल्यावांचून निसर्ग कोणाच्याहि हातांत येत नाहीं. रोरिक यांना पहिली दीर्घ प्रवासानें मिळाली, दुसरी नग्गरनें दिली. आबालालांना दोन्ही एकाच तळ्याच्या कांठीं मिळाल्या.

मग आम्हीं आमचा शेवटचा प्रश्न काढला. चांगथांगवरच्या पांच माणसांविषयीं विचारलें. त्यांच्याबद्दल त्याला ठाऊक होतें. “त्याला माझ्यापाशीं उत्तर नाहीं,” तो म्हणाला. “म्हणून मी कोणाच्या खांद्यावर बसून हिंडायचें नाहीं, एवढें ठरवलें आहे.” सफरचंदाच्या हंगामांत तो एका बागाईतदाराचे हिशेब लिहितो, इतर दिवसांत गांवांतल्या मुलांना चित्रकला शिकवितो. त्यावर त्याची खोली व जेवण चालतें. आईकडून त्यानें एक रुपयाहि मागविला नव्हता, हें तेथें आम्हांला प्रथम कळलें. आमची पत्नी त्या वेळीं शिळेकडे पाहात होती. ती कांहीं बोलली नाहीं.

संध्याकाळीं त्याच्या खोलीवर त्यानें आपले कागद दाखविले. साठ-पांसष्ट तरी असतील. सर्वांवर खिडकीसमोरची एकच रांग. पहिले चाळीस आम्हीं पाहिले, आणि आम्हांला आनंद झाला. रंग सुंदर होते, शिखरें गंभीर होतीं. “हे छान आहेत,” आम्ही म्हणालों. तोंडांतून तो शब्द निघाला, आणि आमच्या वडिलांचा आवाज आम्हांला ऐकूं आला.

“हे रोरिकचे आहेत, बाबा,” तो शांतपणें म्हणाला. “मी त्यांच्या डोळ्यांनीं पाहात होतों.” मग त्यानें खालचे कागद वर घेतले. ते ओबडधोबड होते. करडा डोंगर, बागेवर गारांसाठीं ताणलेली जाळी, विजेचा एक कललेला खांब, आणि ढगांत अर्धें गेलेलें शिखर. एकांत उताराची रेघ तीन वेळां खोडून पुन्हा काढलेली होती. ते चांगले होते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तो उतार आम्हीं त्याच दिवशीं चढलों होतों, आणि चढतांना आमच्या गुडघ्यांना जें कळलें होतें, तें त्या खोडलेल्या रेघेंत होतें. तो कागद आम्ही मागावा असें मनांत आलें. पण त्यानेंच तो बाजूला काढून ठेवला. “अजून झालेला नाहीं,” म्हणाला.

रोरिक यांच्या अखेरच्या दिवसांविषयीं एक गोष्ट तेथून निघतांना आमच्या मनांत राहिली. या माणसानें आशियाचा मध्य पायांखालीं घातला. युद्धकाळीं कलावस्तूंना अभय असावें यासाठीं त्यानें प्रयत्न केला, आणि त्याच्या नांवाच्या करारावर १५ एप्रिल १९३५ रोजीं वॉशिंग्टन येथें अमेरिका खंडांतल्या २१ राष्ट्रांनीं सह्या केल्या. हिंदुस्थानानें पुढें त्याचीं चित्रें राष्ट्राचा कलाठेवा मानून तीं देशाबाहेर नेण्यास कायद्यानें मनाई केली. पण १९४७ सालीं त्याचें मन लागलें होतें तें मायदेशीं परत जाण्याकडे. आणि तें जमलें नाहीं. इतकें हिंडलेल्या माणसालाहि अखेर घर आठवतें. मात्र हें आठवून आतां आम्हांला विजय वाटला नाहीं. परत यावेंसें वाटण्यासाठीं वाट उघडी असावी लागते. आणि ती उघडी ठेवणें हें जाणाऱ्याचें काम नसून घरीं राहिलेल्यांचें आहे, एवढें आम्हांला त्या शिळेजवळ कळलें होतें.

त्याचीं चित्रें पुढें नांवारूपास येतील कीं नाहीं, हें सांगण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. तें कदाचित् होणारहि नाहीं; डोंगराचा शेजार केलेल्या प्रत्येकाला डोंगर कांहीं देतोच असें नाहीं. पुण्यास आल्यावर एके रविवारीं पहाटे आम्ही पेन्सिल व वही घेऊन खिडकीशीं बसलों आणि पर्वतीकडे पाहिलें. पायऱ्यांची रेघ डोंगरावर कोठून वळते, हें चाळीस वर्षें रोज पाहूनहि आम्हांला काढतां आलें नाहीं. तीन वेळां खोडली. पत्नीनें चहा आणून ठेवला व वहीकडे न पाहातां निघून गेली.

मुलाला पत्र लिहिण्याची आमची संवय मोडली आहे. ती पुन्हा लागण्यास वेळ लागेल. तोंवर ज्या अंकांत हा लेख येईल, तो अंक त्याला पाठवूं. वहींतला तो कागदहि सोबत घालीत आहों. तो अजून झालेला नाहीं.